ग्रीक नव्या करारातले ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ : सर्वनामांच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२४

कामाची आखणी. बायबलातल्या नव्या कराराच्या ग्रीक पाठातले प्रथम आणि द्वितीय पुरुषाचे प्रत्येक अनेकवचन वेगळे काढायचे आणि त्यात कोण कोण मोडते ते लिहायचे. शेवटी मराठी अभ्यास-मसुद्याला ही नोंद जोडायची.

अडचण दोन्ही बाजूंनी आहे. ग्रीक ‘हेमेइस’मध्ये ऐकणारा धरलेला आहे की वगळलेला, हे शब्द सांगत नाही. मराठीत मात्र ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. वचनाच्या बाबतीत उलटे घडते. ग्रीक ‘सु’ म्हणजे एकच माणूस आणि ‘हुमेइस’ म्हणजे एकाहून अधिक, यात शंका नसते. आपले ‘तुम्ही’ एकट्या वडीलधाऱ्यालाही चालते. संस्कृतातल्या आवाम्-युवाम् यांसारखे द्विवचन जुन्या ग्रीकमध्ये होते, पण नव्या कराराच्या कोइने बोलीत ते उरलेले नाही. त्यामुळे ‘हेमेइस’ म्हणजे दोघे की दोनशे, हेही संदर्भावरूनच काढावे लागते.

रूपे, प्रथमा-षष्ठी-चतुर्थी-द्वितीया या क्रमाने: हेमेइस, हेमोन, हेमिन, हेमास (आम्ही/आपण), हुमेइस, हुमोन, हुमिन, हुमास (तुम्ही). दोन्ही ओळींत फरक फक्त पहिल्या स्वराचा. याचा त्रास हस्तलिखितांत होतो, त्यावर पुढे नोंद येईल.

नावांची एक सोय आत्ताच. मराठी चर्चमध्ये ‘वचन’ म्हणजे शास्त्रातले वाक्य आणि व्याकरणात एकवचन-अनेकवचन. या वहीत ‘वचन’ फक्त व्याकरणासाठी. शास्त्रातल्या वाक्याला ‘ओवी’.

६ जून २०२४

माहितीचा साठा ठरला: मॉर्फजीएनटी, म्हणजे ग्रीक नव्या करारातल्या प्रत्येक शब्दाचे व्याकरण नोंदवलेल्या संगणकी फायली. मूळ पाठ २०१० साली निघालेल्या एसबीएल ग्रीक नव्या कराराचा. सत्तावीस पुस्तकांच्या सत्तावीस फायली, एका ओळीत एक शब्द, सात रकाने: ओवीचा क्रमांक, शब्दजाती, व्याकरणाचा कोड, विरामचिन्हांसह शब्द, नुसता शब्द, प्रमाण रूप, मूळ शब्द.

व्याकरणाच्या कोडात आठ जागा असतात: पुरुष, काळ, प्रयोग, अर्थ (आज्ञार्थ वगैरे), विभक्ती, वचन, लिंग, तरभाव (विशेषणाची तुलना). सर्वनामांच्या ओळीत पुरुषाची जागा रिकामी असते. ‘प्रथम पुरुष, अनेकवचन’ अशी गाळणी लावली तर क्रियापदे तेवढी हाती लागतात, एकही ‘हेमोन’ मिळत नाही. पुरुष ओळखायचा तो मूळ शब्दावरून: ‘हेमोन’चा मूळ शब्द ‘एगो’ (मी), ‘हुमोन’चा ‘सु’ (तू). म्हणून गाळणी अशी: शब्दजाती पुरुषवाचक सर्वनाम, मूळ शब्द ‘एगो’ किंवा ‘सु’, वचनाच्या जागी अनेकवचन.

एवढ्याने काम भागत नाही. ग्रीक क्रियापदाच्या प्रत्ययातच कर्ता असतो. मार्क ४:३८ (मार्कचे शुभवर्तमान, अध्याय ४, ओवी ३८) मध्ये वादळात सापडलेले येशूचे शिष्य ‘आपण मरतो आहोत’ असे ओरडतात, तिथे सर्वनाम नाहीच, नुसते ‘अपोल्लुमेथा’. म्हणून क्रियापदांची दुसरी यादी लागते आणि दोन्ही याद्या ओवीच्या क्रमांकावर जोडायच्या. द्वितीय पुरुष अनेकवचनात वर्तमानकाळ आणि आज्ञार्थ यांचे रूप पुष्कळदा एकच असते. योहान १४:१ मधले ‘पिस्तेउएते’ म्हणजे ‘विश्वास ठेवता’ की ‘विश्वास ठेवा’, यावर जुना वाद आहे. व्याप्ती, म्हणजे त्यात कोण कोण मोडते ते, दोन्हीत तीच, त्यामुळे आमचे काम अडत नाही. अर्थाचा रकाना मात्र उघडा ठेवायचा.

तिसरी यादी ‘हेमेतेरोस’ (आमचा/आपला) आणि ‘हुमेतेरोस’ (तुमचा) यांची. या शब्दांचे वचन मालकीच्या वस्तूप्रमाणे चालते. लूक १६:१२ मधले ‘तो हुमेतेरोन’ एकवचनी आहे, पण मालक अनेक. वचनाच्या गाळणीतून हे निसटतात. मूळ शब्दावरूनच धरावे लागतात.

शोध लावण्यापूर्वी सगळा मजकूर युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणायचा, नाहीतर डोळ्यांना सारखे दिसणारे दोन ‘हेमोन’ संगणकाला वेगळे वाटतात. सोपे पडते म्हणून स्वरचिन्हे आणि श्वासचिन्हे पुसून टाकण्याचा मोह टाळायचा. ती गेली की ‘औताई’ (त्या) आणि ‘हाउताई’ (या) एकच होतात.

१० जून २०२४

चाचणीसाठी फिलेमोनाला लिहिलेले पत्र. एकच अध्याय, २५ ओव्या, आणि आम्हाला हवे ते सगळे त्यात आहे.

पाठवणारे प्रेषित पौल आणि त्याचा सोबती तीमथ्य. घेणारे फिलेमोन, अप्फिया, अर्खिप्प आणि घरात जमणारी मंडळी. ओवी ३ मधल्या आशीर्वादात ‘हुमिन’, म्हणजे सगळ्यांना. ओवी ४ पासून एकदम ‘तू’, आणि ते एकवचन ओवी २२ च्या मध्यापर्यंत सुटत नाही. तिथे ‘माझ्यासाठी राहण्याची सोय कर’ हे एकट्या फिलेमोनाला आणि लगेच ‘तुमच्या प्रार्थनांमुळे मी तुम्हाला परत मिळेन’ हे सगळ्यांना. शेवटचा आशीर्वाद पुन्हा अनेकवचनी. अनेसिम या फिलेमोनाच्या दासाला परत स्वीकारण्याची विनंती एका माणसाला आहे, पण ती सगळ्या मंडळीच्या कानांवर पडते आहे. आदरार्थी ‘तुम्ही’ वापरलेल्या मराठी मसुद्यात ही रचना नाहीशी होते, आणि पत्राची खरी ताकद तिच्यातच आहे.

पहिल्या तीन ओव्यांत ‘हेमोन’ तीनदा येते आणि व्याप्ती एक नाही. ‘आमचा प्रिय सहकारी’ (ओवी १): पौल आणि तीमथ्य, फिलेमोन वगळून. ‘आमचा सहसैनिक’ (ओवी २): बहुधा तसेच. ‘देव आपला पिता’ (ओवी ३): सगळे मिळून. शब्द एक, रूप एक, विभक्ती एक. मराठीत दोन वेगळी सर्वनामे.

ओवी ६ मध्ये काही हस्तलिखिते ‘एन हेमिन’ वाचतात, काही ‘एन हुमिन’. पाठभेदाचा रकाना पहिल्याच दिवशी लागला.

१४ जून २०२४

रकाने पक्के केले: ओवी, ग्रीक रूप, विभक्ती, बोलणारा, ऐकणारा, बोलण्याची पातळी, व्याप्ती, पुरावा, पाठभेद, मराठी मसुदा.

व्याप्तीच्या खुणा चार. ‘स’ म्हणजे समावेशक (आपण). ‘व’ म्हणजे वर्जक (आम्ही). ‘ले’ म्हणजे लिहिणारा एकटा असून अनेकवचन वापरतो. ‘उ’ म्हणजे उघडा प्रश्न. ‘उ’ लिहिण्यात कमीपणा नाही. पुराव्याशिवाय ‘स’ लिहिणे मात्र चालणार नाही, आणि पुरावा त्याच परिच्छेदातला हवा. ‘अर्थ बरा लागतो’ हा पुरावा धरायचा नाही.

दोघांनी वेगवेगळे बसून खुणा करायच्या, मग ताडून पाहायच्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलासह जुनी भाषांतरे खूण झाल्यावरच उघडायची. ‘आपण’ एकदा कानात बसले की ग्रीक ओवी उघडी आहे हे दिसेनासे होते.

१९ जून २०२४

पाठभेद. ग्रीकचे स्वर काळाच्या ओघात ‘इ’कडे सरकत गेले. पुढे ‘हेमेइस’ आणि ‘हुमेइस’ दोन्हींचा उच्चार ‘इमिस’ असाच झाला. रोमन काळातल्या इजिप्तच्या कागदपत्रांतही या दोघांची अदलाबदल दिसते. बोललेले ऐकून किंवा मनाशी म्हणत लिहिणाऱ्या लेखनिकाला ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ वेगळे ऐकूच येत नव्हते. आजच्या ग्रीकमध्ये ‘एमिस’ आणि ‘एसिस’ ही नवी जोडी आली आणि जुनी मोडीत निघाली.

२ करिंथ ८:७ : इ. स. २०० च्या सुमाराचा पपायरस ४६ आणि चौथ्या शतकातला कोडेक्स व्हॅटिकॅनस ही हस्तलिखिते ‘आमच्यापासून तुमच्यात असलेली प्रीती’ वाचतात. चौथ्या शतकातलाच सिनाईटिकस ‘तुमच्यापासून आमच्यात’. ओवीत करिंथकरांच्या गुणांची यादी चालली आहे: विश्वास, वाणी, ज्ञान, आस्था. त्या ओघात ‘तुमची प्रीती’ लेखनिकाच्या हातून सहज उतरेल. म्हणून अवघड वाचन, म्हणजे पहिले, मूळ धरणे योग्य वाटते.

गलती ४:२८ : पपायरस ४६ आणि व्हॅटिकॅनस ‘तुम्ही अभिवचनाची मुले’, सिनाईटिकस ‘हेमेइस’. इथे ‘हेमेइस’ धरले तर ‘स’ की ‘व’ हा प्रश्नही उभा राहतो. ‘हुमेइस’ धरले तर तो उरत नाही.

१ योहान १:४ दोन ठिकाणी फिरतो. व्हॅटिकॅनस आणि सिनाईटिकस ‘हे आम्ही लिहितो’ आणि ‘आमचा/आपला आनंद’ देतात. नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत ‘हे तुम्हाला लिहितो’ आहे, आणि काहींत पुढे ‘तुमचा आनंद’. पहिला फेर केवळ कानाचा नाही, कारण विभक्तीही बदलते. ‘लिहितो’ म्हटले की ‘तुम्हाला’ येणार ही लेखनिकाची सवयही त्यात आहे.

नियम: मुख्य खूण आधारभूत पाठाप्रमाणे. पाठभेदाची व्याप्ती वेगळ्या ओळीत. दोन वाचनांतून तडजोडीची तिसरी व्याप्ती काढायची नाही.

२६ जून २०२४

एकाशी बोलता बोलता अनेकवचन येते अशा जागा. या कामातला सगळ्यात फलदायी भाग हाच.

लूक २२:३१-३२. येशू शिमोन पेत्राला म्हणतो, ‘शिमोना, शिमोना, सैतानाने तुम्हाला (हुमास) गव्हासारखे चाळायला मागितले, पण मी तुझ्यासाठी (पेरि सू) विनंती केली.’ चाळणी सगळ्या शिष्यांना, विनंती एकासाठी, आणि त्या एकाने पुढे भावांना स्थिर करायचे. दोन्ही जागी ‘तुला’ केले तर ओवी ३२ चा शेवट अधांतरी राहतो.

योहान ३:७. ‘मी तुला (सोइ) म्हणालो, तुम्हाला (हुमास) नव्याने जन्मले पाहिजे.’ येशूकडे निकदेम एकटा आला आहे, पण ३:२ मध्ये तो स्वतःच ‘आम्हाला ठाऊक आहे’ म्हणतो. उत्तरातले अनेकवचन त्याच्या ‘आम्हाला’ जाऊन भिडते.

योहान १:५१. निवेदन म्हणते ‘त्याला म्हणाला’, म्हणजे येशू नथनेलला. बोलणे सुरू होते ‘मी तुम्हाला सांगतो’ असे. ऐकणाऱ्याच्या रकान्यात ‘नथनेल आणि सोबतचे’.

योहान ४ मध्ये शमरोनी स्त्री आणि येशू दोघेच विहिरीपाशी आहेत, तरी ४:२० आणि ४:२२ मध्ये अनेकवचनांची रांग लागते. ‘आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली, आणि तुम्ही म्हणता…’ इथे ‘आमच्या’ म्हणजे शमरोनी आणि ‘तुम्ही’ म्हणजे यहूदी. येशूचे ‘तुम्ही ज्याला ओळखत नाही त्याची उपासना करता, आम्ही ओळखतो’ हे त्याच मापाचे. तिचे ‘हेमोन’ आणि त्याचे ‘हेमेइस’ दोन्ही निःसंशय ‘व’. ४:१२ मधला ‘हेमोन पिता याकोब’ वादात पडला, कारण याकोब यहूद्यांचाही पूर्वज. पण ती ‘ज्याने आम्हाला विहीर दिली’ असे पुढे जोडते, आणि ४:९ मध्ये तिने ‘तू यहूदी’ असे अंतर आधीच आखले आहे. म्हणून ‘व’.

२ जुलै २०२४

आदराचा प्रश्न. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये आदरार्थी अनेकवचन नाही. प्रेषितांची कृत्ये २४ मध्ये वकील तिर्तुल्ल सुभेदार फेलिक्सची भरघोस स्तुती करतो, पण ‘दिआ सू’ म्हणतो, म्हणजे ‘तुझ्यामुळे’. अग्रिप्पा राजासमोर पौलही ‘तू’च वापरतो. मान संबोधनात असतो: ‘क्रातिस्ते’ (महामहिम), ‘कुरिए’ (महाराज), ‘दिदास्काले’ (गुरुजी).

ठरले ते असे. अभ्यासाच्या रकान्यात प्रत्येक ‘सु’ला ‘तू’, अपवाद नाही. वाचनाच्या मसुद्यात मराठी कानाला तुटक वाटते तिथे, सुभेदार, राजा, गुरू यांना ‘तुम्ही’ चालेल. पण त्या प्रसंगातल्या खऱ्या अनेकवचनाला ‘लोक’ किंवा ‘सगळे’ जोडायचे: ‘तुम्ही यहूदी लोक म्हणता’. जोडलेला शब्द फिकट टायपात. तसे नाही केले तर मत्तय २६:२७ मधले ‘तुम्ही सर्व यातून प्या’ इथले ‘सर्व’ ग्रीकमध्येच (पान्तेस) आहे, हे वाचकाला वेगळे कळणार नाही. देवाला ‘तू’, याबद्दल मराठी माणसाला काही पटवून द्यावे लागत नाही, विठ्ठलालाही आपण ‘तू’च म्हणतो.

९ जुलै २०२४

आता ‘आपण’. समावेशक सर्वनाम हाती असणे ही मराठीची श्रीमंती, पण या एकाच शब्दावर तीन कामे आहेत: बोलणारा-ऐकणारा मिळून आपण, आदरार्थी आपण, आणि स्वतः या अर्थाचा आपण. प्रथमेत क्रियापद वाचवते: ‘आपण आहोत’ आणि ‘आपण आहात’ यांत घोटाळा नाही. ‘आपल्याला’, ‘आपला’ या रूपांत तो आधार नसतो.

मार्क ४:३८. ‘आपण मरतो आहोत, आपल्याला काही वाटत नाही का?’ यातले दुसरे ‘आपल्याला’ येशूला उद्देशून की सगळ्यांना, कळत नाही. ग्रीकमध्ये तिथे ‘सोइ’ आहे, एकवचन. मसुदा: ‘गुरुजी, आपण मरतो आहोत, तुम्हाला काहीच वाटत नाही का?’ होडी एक, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला. म्हणून ‘अपोल्लुमेथा’ला ‘स’. मत्तय ८:२५ मध्ये आधी ‘वाचव’ अशी हाक आहे, आणि काही हस्तलिखितांत ‘आम्हाला’ही जोडलेले आहे. वाचवणारा एका बाजूला, बुडणारे दुसऱ्या. तिथे ‘व’ जास्त बसते. प्रसंग एकच असला तरी दोन्ही शुभवर्तमानांना एकच खूण लावायची नाही.

गलती १:४ सर्वांत धोक्याची. ‘त्याने आपल्या पापांसाठी स्वतःला दिले’ असे लिहिले तर मराठी व्याकरण ‘आपल्या’चा संबंध कर्त्याशी लावते, म्हणजे पापे ख्रिस्ताचीच ठरतात. ग्रीकमध्ये ‘हेमोन’ आहे, तिथे संदिग्धता नाही. इथे ‘आपणा सर्वांच्या पापांसाठी’. नियम: वाक्याचा कर्ता तृतीय पुरुषी असेल आणि ‘हेमोन’ला ‘स’ लागली असेल, तर नुसते ‘आपला’ लिहायचे नाही. अशा ओव्या यादीतून यांत्रिकपणे काढता येतात: त्याच उपवाक्यात तृतीय पुरुषी क्रियापद किंवा कृदंत, आणि षष्ठीतले ‘हेमोन’. संपूर्ण मसुद्यात आदरार्थी ‘आपण’ बंद.

प्रार्थनांना सरळ नियम: ऐकणारा देव, म्हणून ‘व’. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ यातले ‘आमच्या’ बरोबरच आहे. मत्तय ६:९-१३ मधले प्रत्येक प्रथम पुरुषी अनेकवचन असेच.

१५ जुलै २०२४

१ करिंथ ३:१६. ‘तुम्ही देवाचे मंदिर आहात’. कर्ता अनेकवचनी, मंदिर (नाओस) एकवचनी. मराठीत हे एका आदरणीय व्यक्तीला म्हटल्यासारखे वाचले जाते. अर्थ मंडळीचा आहे, कारण मागे ३:९ मध्ये ‘देवाची इमारत’ आली आहे. मसुदा: ‘तुम्ही सगळे मिळून’, जोड फिकट टायपात. ६:१९ वेगळी: ‘तुमचे शरीर’ यात शरीर एकवचनी, मालक अनेक, आणि विषय प्रत्येकाच्या देहाचा. तिथे ‘मिळून’ घातले तर अर्थ बिघडतो. काही हस्तलिखितांत ‘शरीरे’ असे अनेकवचन आहे, म्हणजे जुन्या लेखनिकांनीही ते प्रत्येकाचे वेगळे असेच घेतले.

लूक १७:२१, ‘एन्तोस हुमोन’: देवाचे राज्य ‘तुमच्या आत’ की ‘तुमच्यामध्ये’. ऐकणारे परूशी (यहूद्यांतला एक पंथ). अनेकवचनामुळे ‘तुमच्यामध्ये’ शक्य होते, पण सक्तीचे होत नाही. ‘उ’.

२३ जुलै २०२४

पौलाचे ‘आम्ही’. १ थेस्सलनीकाच्या आरंभी पौल, सिल्वान, तीमथ्य तिघांची नावे आहेत. २:१८ मध्ये ‘आम्ही येऊ इच्छित होतो, मी पौल तर एकदा नव्हे दोनदा’. म्हणजे अनेकवचन खरे असावे, नाहीतर ‘मी पौल’ वेगळे काढायची गरज नव्हती. पण ३:१-२ मध्ये ‘आम्ही अथेन्सात एकटे राहायचे ठरवले आणि तीमथ्याला पाठवले’, तर ३:५ मध्ये तीच गोष्ट ‘मी पाठवले’ अशी. ‘मोनोइ’ (एकटे) हे विशेषणही अनेकवचनी आहे. तीमथ्य तर निश्चित वगळला, कारण पाठवला तोच. उरले पौल आणि कदाचित सिल्वान. ३:१ ला ‘ले/व’ अशी दुहेरी खूण.

२ करिंथ २:१३ आणि ७:५ शेजारी ठेवून वाचावेत. २:१३ मध्ये ‘माझ्या आत्म्याला चैन पडेना’, ७:५ मध्ये त्याच प्रवासाबद्दल ‘आमच्या देहाला चैन नव्हती’. एकाच प्रसंगात ‘मी’ आणि ‘आम्ही’ असे दोन्ही येतात, म्हणून ७:५ ला ‘ले’ देण्याइतका पुरावा आहे. मराठीत ‘आम्ही’ ठेवता येते. एकट्याने स्वतःला ‘आम्ही’ म्हणणे आपल्याकडे अपरिचित नाही. पण त्यात संस्थानिकी थाट येतो आणि पौल तर इथे आपली हतबलता सांगतो आहे. म्हणून ‘मी’, आणि तळटीप.

प्रेषितांच्या कृत्यांतले निवेदकाचे ‘आम्ही’ (१६:१०-१७, २०:५-१५, २१:१-१८, २७:१ ते २८:१६) सरसकट ‘व’.

३० जुलै २०२४

बोलण्याच्या पातळीचा रकाना कशासाठी, त्याचे उत्तर गलती २:१४-१५. पौल गलतीकरांना लिहितो (पातळी ०) आणि अंत्युखियात पेत्राला काय म्हणालो ते सांगतो (पातळी १). ‘हेमेइस जन्माने यहूदी’ यात पेत्र आहे, गलतीकर नाहीत. पातळी १ वर ‘स’, पातळी ० वर ‘व’. मराठीत पेत्राशी बोलणे म्हणून ‘आपण जन्माने यहूदी’.

पण ग्रीकमध्ये अवतरणचिन्हे नाहीत. पेत्राशी बोलणे ओवी १४ ला संपते असे मानणारे आहेत, २१ पर्यंत चालते असे मानणारेही. ते १४ ला संपत असेल तर १५ मध्ये ‘आम्ही’ लिहावे लागेल. सर्वनाम आणि अवतरणाचा शेवट हे निर्णय एकत्रच घ्यायचे. सर्वनाम एकाने आणि विरामचिन्हे दुसऱ्याने ठरवली की ‘आपण’ अवतरणाबाहेर पडते आणि गलतीकर यहूदी होतात. आमचा कल २१ पर्यंत चालते असे मानण्याकडे, कारण १५ मध्ये ऐकणारा बदलल्याची कुठलीच खूण नाही.

इफिस २:१-५ ही राहिलेली जागा: ‘तुम्हाला’, मग ‘आपण सगळेही’, मग मेलेले ‘हेमास’. ‘पान्तेस’ (सर्व) आहे म्हणून २:३ आणि २:५ दोन्हींना ‘स’. १:१२ मध्ये मात्र ‘आधीपासून आशा ठेवणारे आम्ही’ आणि लगेच १:१३ मध्ये ‘तुम्हीही’, तिथे ‘व’.

५ ऑगस्ट २०२४

‘हेआउतोन’. रूप तृतीय पुरुषी, पण अनेकवचनात तिन्ही पुरुषांना चालते: १ योहान १:८ मध्ये ‘आपण स्वतःला फसवतो’, फिलिप्पै २:१२ मध्ये ‘तुम्ही आपले तारण साधून घ्या’. त्यामुळे पुरुष शेजारच्या क्रियापदावरून भरायचा. कधी ते ‘अल्लेलोन’चे (एकमेकांना) कामही करते. इफिस ४:३२ मध्ये ‘अल्लेलूस’ आणि ‘हेआउतोइस’ एकाच वाक्यात येतात, आणि क्षमा स्वतःला नव्हे, एकमेकांना करायची आहे. कलस्सै ३:१६ तसेच.

तृतीय पुरुषाचे अनेकवचन या टप्प्यात नाही, पण एक जागा आत्ताच टिपून ठेवतो. मत्तय २८:१९ मध्ये ‘एथ्ने’ (राष्ट्रे) नपुंसकलिंगी आणि पुढचे ‘औतूस’ पुल्लिंगी: शिष्य करायचे ती राष्ट्रे, बाप्तिस्मा घ्यायचा तो त्यांतल्या माणसांनी. मराठीत ‘त्यांना’ सगळ्या लिंगांना सारखेच, त्यामुळे हा फरक मसुद्यात उतरत नाही. पुराव्याच्या रकान्यात लिहिला आहे.